चौऱ्याऐंशी अंश

गच्चीवर पूलचं पाणी उन्हावर तापवणारी आठ पॅनेल होती. प्रत्येकात चाळीस काळ्या नळ्या, म्हणजे एकूण तीनशे वीस. त्यांतल्या तीन तडकलेल्या. एक पंप, एक झडप. खाली, बंगल्यामागच्या छोट्या स्विमिंग पूलच्या कोपऱ्यात, एक कॅमेरा.

सुयशने तडकलेल्या नळ्या कापून टोकांना रबरी बुचं बसवली. नाशिकची थंडी सुरू झाली होती, म्हणून रात्री पॅनेलमधलं पाणी आपोआप उतरेल अशी सोय केली. तरी हिशेब जुळेना. तीन नळ्यांच्या गळतीने पाण्याचं तापमान फार तर दोन अंशांनी उतरलं असतं. दिवाळीनंतर ते तिसावरून एकविसावर आलं होतं.

आणि पाणी कोमट हवंच होतं. त्याच्या आईचं, सुमनबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर झालं होतं. रोज अर्धा तास पाण्यात व्यायाम, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुडघा आखडला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असंही. दिवाळीपर्यंत त्या नेमाने उतरल्या. नंतर रोज एकच उत्तर. "गार आहे रे पाणी."

पाइपांना गुंडाळायचा फोम आणायला जातो, असं आईला सांगून तो निघाला होता. गाडीच्या डिकीतच फोम सापडला, तसा गच्चीवर परतला. टाकीआड बसून गुंडाळत असताना जिन्यावर काठी वाजली.

सुमनबाई वर आल्या. आधी चांगला पाय, मग दुखरा त्याच्या शेजारी. भिंतीला धरत त्या झडपेपाशी गेल्या आणि तिचा दांडा आडवा केला. आता पाणी पॅनेलमध्ये न जाता तसंच गार खाली परतणार होतं.

"आई?"

त्या दचकल्या. "तू दुकानात गेला होतास ना?"

"रोज चढून येतेस? मी बघायच्या आत परत उभाही करतेस? या पायाने?"

सुमनबाईंनी पदर सावरला. "दिवाळीनंतर सिन्नरच्या लग्नात, हळदीला, तुझ्या मामीने सगळ्यांदेखत विचारलं. 'वन्सं, पोहायचा ड्रेस शोभतो हो तुम्हाला. कुठं मिळतो, आम्हालाही सांगा की.' बायका फिदीफिदी हसल्या. बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. वर्गात पदराची पिन कधी सुटू दिली नाही."

सुयशला तो व्हिडिओ आठवला. कॅमेऱ्यातला, अकरा सेकंदांचा. त्यानेच तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आईचा गुडघा आज चौऱ्याऐंशी अंश वाकला!' एकोणचाळीस जणांनी अंगठे दिले होते. त्याने ते मोजले होते.

"मी गुडघा दाखवत होतो, आई."

"तू गुडघा बघत होतास. ते नाही."

त्याने मोबाइल काढला. व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत कधीच उलटली होती. आईकडे बघवेना, म्हणून तो झडपेकडे बघत राहिला. मग खाली जाऊन त्याने कॅमेऱ्याचे चारही स्क्रू काढले.

झडप सुमनबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगून उभी करून घेतली. तिसऱ्या दुपारी पाणी तीस अंशांवर आलं. गुडघा मोजायला सुयश त्यांचा शाळेतला मोठा लाकडी कोनमापक वापरायचा. आज त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मागचं दार लावून घेतलं.

सुयश दाराअलीकडे, घरातच उभा राहिला. पलीकडे पाणी हललं, थांबलं, पुन्हा हललं. बऱ्याच वेळाने आईचा आवाज आला, फळ्यावर उत्तर लिहिल्यासारखा.

"एकाहत्तर."