गियरवरचा टिळा

बसा भाऊ, खाट ओढून घ्या इकडं. च्या उकळतवरी एक गोष्ट सांगतो. ट्रकची आहे. लांब नाही, पण मधात उठू नोका.

चिचगडाच्या अलीकडं, जंगलाच्या कडेले उदारामचं घर. अंगणात त्याचा जुना ट्रक तोंड उघडून उभा. रेडिएटर काढून तुळशीपाशी टेकवलेला, आन उदाराम इंजिनात खांद्यापर्यंत घुसलेला. बाजूले त्याची बायको शामकला टार्च धरून.

दिवाळी झाली होती, गावोगावच्या मंडया, म्हंजे जत्रा, लागल्या होत्या. सांजच्याले अख्खा मोहल्ला ह्याच ट्रकात बसून मंडईतलं नाटक पाहाले जाणार होता. टायमिंगचे गियर घासले होते म्हणून उदारामनं गोंदियाहून नवे आणले, आन म्हणे मिस्त्री कायले पायजे, मीच बसवतो.

टायमिंगचे गियर म्हंजे दात्यांचे चाकं. एकावर खूण, दुसऱ्यावर खूण, खूण खुणेले भिडली पायजे. एक दाता इकडचा तिकडं झाला तरी इंजिन चालू होते, पण मधात कवा दम सोडल त्याचा नेम नाही. आन उतारावर इंजिन बंद पडलं का ह्या ट्रकाचा बिरेक गोट्यावानी होते. दोन पायानं दाबा, दबत नाही.

उदारामले आता बारीक दिसत नाही. सकाळीच त्यानं सुनेची लाल नेलपालिस मागून खुणांवर टिपके लावले होते. सून प्रेरणा हासली, "मामाजी, आता मेहंदीबी काढून द्या ट्रकले."

पण नवा पुर्जा देवाले दाखवल्याबिगर गाडीत जाणार नाही, हा उदारामचाच नेम. शामकलानं मोठा गियर देव्हाऱ्यापाशी नेला, तुपात कुंकू कालवलं, टिळा लावला. कोणत्या दात्यावर? बोट जिथं गेलं तिथं. देवाले सारे दाते सारखेच.

"टार्च सरळ धर वं, झोपली का?"

"धरली ना."

उदारामनं लाल टिंबाले लाल टिंब भिडवलं आन अंगठ्यानं दाबून चाक बसवलं. तवाच शामकलाले मोठ्या चाकावर बाजूच्या दात्यापाशी आणखी काही दिसलं. तेलानं काळवंडलेलं, पण टार्च पडली का चमके.

"अवो, इथंबी एक टिंब आहे."

"तो तुहा टिळा आहे."

"टिळा चमकते का?"

"तू इंजिन शिकवतं का मले? जाय, च्या ठेव."

ते च्या ठेवाले गेली. माघारी येतवरी झाकण बसलं होतं, बोल्ट कसले होते. उदारामनं पान्यानं इंजिन हातानं फिरवून पाहिलं. एका जागी जड गेलं. तो थांबला, मंग स्वतःशीच म्हणे, "नवा माल आहे. घट्ट राहीनच."

रेडिएटर परत चढवल्यावर पोरगा भुपेंद्र स्टेरिंगवर बसला. ट्रक सुरू झाला, पण मागून काळा लोट निंगाला, वाळत घातलेले कपडे काळे झाले.

"बाबा, धूर जास्त होऊन राहिला."

"दोन कोस चालू दे, दाते बसले का होते साफ. नाटक सुरू होऊन जाईन तिकडं."

बायालेकरं मागं चढले. म्हाताऱ्या, पोरी, टोपल्यात बांधलेले भजे. प्रेरणा पोरीले घेऊन पुढं बसली. पोरगी आजीले हात दाखवत गेली. शामकला गाईसाठी घरी राहिली, उदाराम कंबर दुखते म्हणून.

ट्रक गेल्यावर तो हात धुवाले बसला. शामकला पाणी टाकत होती.

"अंगठ्याले रक्त कायचं हो लागलं तुमच्या?"

"रक्त नाही. नेलपालिस आहे, खूण दाबली ना मी."

शामकलाच्या हातातला लोटा तसाच राहिला. सकाळची नेलपालिस, कवाची वाळून कडक झाली. ते बोटाले कायची लागते? तिनं त्याचा अंगठा धरला आन नाकापाशी नेला. मंग त्याच्या नाकापाशी.

डिझेलचा वास होताच. त्याच्या खाली तुपाचा होता.

उदाराम उठला. ओल्या हातानं फोन लावला. मंडईच्या वाटंवरच्या टेकडीकडं टावर नाही, फोनातली बाई तेच ते बोलून राहिली. तो चप्पल न घालता रस्त्यावर धावला, शामकला मागून. पण धावून ट्रक सापडते का कुठं?

ट्रक तवा टेकडी चढून राहिला होता. आवाज साफ येत होता, त्याच्यात पोरींचं गाणं. टेकडीच्या माथ्यावरून पुढं लांब उतार आहे. उताराच्या पायथ्याले वळण, आन वळणाले तलाव.

"भुपेंद्राऽ" उदाराम बोंबलला.

"बोंबलू नोका," शामकला म्हणे. "ऐकू द्या."

आवाज माथ्यावर गेला. गाणं बारीक झालं.

भाऊ, तो कप जरा खाली ठेवा. हुं का चूं करू नोका. माह्या कानाचा आता भरोसा नाही, तुमचे तरणे आहेत. तिकडं, टेकडीकडं कान द्या, आन मले सांगा, इंजिन वाजून राहिलं का?