तीच बादली

“ह्याच्यावर कुनी इस्वास ठेवनार न्हाय. ठेवूबी नगा,” बब्रुवान म्हणाला, आणि लिंबाच्या फांदीला टांगलेल्या बादलीवर त्याने म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं. “दोन महिने झाले. हीच बादली, हेच पानी. वरून एक थेंब न्हाय.”

अंगणात जमलेली माणसं हसली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. सुसरीच्या पाठीवर बसून पुरातली तेरणा पार केल्याची गोष्ट ह्याच माणसाची. साखर कारखान्याच्या धुराड्यात वरून काळा पडलो आणि खालून पांढराशुभ्र निघालो, ही पण ह्याचीच.

अण्णाराव मात्र हसला नाही. तो सोसायटीचा चेअरमन, आणि टँकरचं पाणी ज्या टाकीत पडायचं तिच्या कुलपाची किल्ली त्याच्या करगोट्याला. शहाऐंशीचा उन्हाळा, घरटी चार घागरी. अख्ख्या गावात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं, आणि इथे बब्रुवानच्या अंगणात पत्र्याच्या परातीत टमाट्याची बारा झाडं उभी. नुसती उभी नाहीत, लगडलेली.

“तात्या, टाकीतलं पानी घेत असाल तर आत्ताच कबूल व्हा,” अण्णाराव म्हणाला. “न्हायतर आठ दिवस तुमच्या घागरी बंद.”

घागरी बंद म्हणजे दोन कोसांवरच्या विहिरीला धुरपदाबाईच्या खेपा. जन्मभर थापा मारून बब्रुवानच्या कधी अंगाशी आलं नव्हतं, आणि आता खरं बोलतोय तर बायको उन्हात चालणार.

“माती हाय का बगा कुठं!” त्याने परातीतून एक वीटभर ठोकळा उचलला. करडा, मऊ, वर टमाट्याचं झाड. “ही लोकर हाय. दगडाची लोकर. कारखान्यात वाफेच्या पायपाला गुंडाळतेत. औंदा ऊस न्हाय, गाळप न्हाय, जुने पायप उतरिवले तवा म्या मागून आनली. दगड वितळवून, जत्रंतल्या बुड्ढी के बाल वानी तार काढतेत त्याची.”

“दगडाची लोकर!” शेजारची मालनबाई पदरात हसली. “मग भाऊजी, कातरायला पाथरवट बोलीवला व्हता का?”

बब्रुवानने दोरी ओढली. बादली वर गेली, तिच्या बुडाला लावलेल्या रबरी नळीतून पाणी परातीत धावलं, आणि ठोकळे घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. त्याने सावकाश शंभर आकडे मोजले. मग दोरी सैल सोडली. बादली खाली आली आणि तेच पाणी त्याच नळीने मुकाट परत आलं.

“मातीत वतलं की पानी पाताळात जातंय. हितं जाईल कुठं? पेलं तेवढं पेलं, उरलं ते घरी.”

“आन् पेलेलं?” अण्णारावने विचारलं.

“त्येचंच तर नवल हाय. पेलेलं दिसतच न्हाय. बादली हाय तेवढीच ऱ्हातीय!”

गेले दोन महिने बब्रुवान रोज सकाळी बादलीत डोकावत होता आणि रोज चकित होत होता. उभ्या आयुष्यात एक खरी गोष्ट हाती लागली होती, आणि ती कुणाला कशी सांगावी हे त्याला कळत नव्हतं.

अण्णारावने ठोकळा हातात घेऊन दाबून पाहिला, खाली ठेवला आणि मनगट खाजवू लागला. खाजवता खाजवता त्याने निकाल दिला. बादलीला आतून कोळशाची रेघ मारायची. सोसायटीचा शिपाई गुंडाप्पा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत समोर बसेल. चार दिवसांनी पाणी रेघेवर असलं तर तात्या खरा.

चौथ्या दिवशी माणसं दुप्पट जमली. लोकर चाचपून गुंडाप्पाच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं होतं, अण्णारावचं मनगट अजून खाजत होतं. अण्णाराव बादलीत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं.

“गुंडाप्पा, हे काय?”

“देवाशप्पत सांगतो, म्या बसल्यावर हितं चिमनीबी आली न्हाय.”

“म्हंजी तू यायच्या आदी कुनीतरी टाकी उघडतंय,” अण्णाराव ताठ झाला. “तात्या, उद्यापास्नं घागरी बंद.”

बब्रुवानने बादलीत पाहिलं. दोन बोटं वर! त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. पण डोळ्यांपुढे इतका मोठा चमत्कार आणि भोवती एवढी माणसं, अशा वेळी गप्प बसणं त्याच्या पिंडातच नव्हतं.

“पाझर फुटला, अण्णाराव!” तो ओरडला. “दगडाचा गुन कुठं जातोय? सगळी लोकर आना कारखान्यातनं. हजार बादल्या टांगू. पावसाची वाट बघायचं कामच न्हाय, मांजरा धरन आपुनच भरून देऊ!”

“खोटं हाय ते!”

आवाज उंबऱ्यातून आला. सगळ्यांच्या माना वळल्या. धुरपदाबाईने सुसर ऐकली होती, धुराडं ऐकलं होतं, आणि चारचौघांत नवऱ्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आज ती पदर खोचून अंगणात आली.

“पाझर न्हाय आन् काय न्हाय. कुनी टाकी उघडीत न्हाय. दोन महिने झाले, रोज फटफटायच्या टायमाला म्याच तांब्याभर वततीय. माझ्या आंघुळीचं. आज तुमी बगनार म्हनून भ्यानं दोन तांबे वतले.”

बब्रुवानने परत बादलीत डोकावून पाहिलं.

“पन काकू, कामून?” अण्णाराव खाजवायचं विसरला.

धुरपदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

“पस्तीस वर्सांत पैल्यांदा हे खरं बोलायलेते,” ती म्हणाली. “म्हनलं, एवढं एक तरी खरं निगू द्यावं.”