बोटभर धूळ

"घर मोकळं कर, ताई, डोकंही मोकळं होईल. मग बघ, कशी झपाट्याने कामाला लागशील," धाकटी म्हणाली. तिचा नियम साधा होता. वस्तूवर बोट फिरवायचं. धूळ लागली की वस्तू गोणीत. "मला दयामाया नाही हं!"

दुपारपर्यंत नऊ गोण्या भरल्या. माझे रंग, पोहायचा चष्मा, कोरी वही, सगळं गेलं.

मी साबणाने तोंड धुऊन, पुसून खुर्चीत टेकले.

"दमलीस?" म्हणत तिने माझ्या गालावरून बोट फिरवलं.

बोट राखाडी झालं.

"अगं, आत्ताच धुतलं की!" मी हसत गाल खसाखसा पुसला.

तिने पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा राखाडी.

धाकटी हसली नाही. तिने दहावी गोणी झटकून उघडली आणि माझ्या पायांशी धरली.