कोरी टोपी

"सत्तरी उलटली, पाय दुखणारच," हे डॉक्टरांना ऐकवत होते.

डॉक्टर, आमच्या नातीच्या वयाची मुलगी, यांच्या वाकलेल्या नडगीवरून हात फिरवत होती. मध्येच तिने मला विचारलं, "काकू, काकांची टोपी हल्ली घट्ट होते का?"

मी खुर्चीतून उठलेच. दोन वर्षं आमच्या घरात याच टोपीवरून भांडण होतं. मी गरम पाण्यात धुऊन खादी आटवते म्हणे. डोक्यावर बसेना म्हणून यांनी पिशवीत कोंबलेली टोपी मी टेबलावर ठेवली. "ही कालच आणली. नंबर नेहमीचाच. अजून पाणीसुद्धा लागलेलं नाही."

तिचे डोळे चमकले. तिने लगेच डोक्याचा आणि पायाचा एक्स-रे काढायला पाठवलं.

"कवटीचं हाड जाड होतंय, नडगीचंही," फोटो उजेडात धरून ती म्हणाली. "ऐकू कमी येतं तेही बहुतेक त्यामुळेच. रक्त तपासून खात्री करू. पण हे नुसतं वय नाही, काकू. यावर औषध आहे."

"काय म्हणतेय ती?" यांनी विचारलं.

मी यांच्या कानाशी वाकले आणि बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टोपी आटली नव्हती."