तळाचे थेंब

प्रियदर्शनीने बाटली उजेडाकडे धरली आणि कपाळाला हात लावला. तीन आठवडे पुरायचं औषध आठ दिवसांत तळाला गेलं होतं.

"मावशी, चार थेंब म्हटलतं मी. दिवसातनं चार वेळा. एवढं कुणी संपवलं?"

"समद्यांनी," जयाबाई म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

चूक म्हटली तर प्रियदर्शनीचीच. खानापूरच्या शाळेत शिकवता शिकवता तिने पुष्पौषधींचा अभ्यासक्रम केला होता, आणि मावशी ही तिची पहिली रुग्ण. वर्ष होत आलं, मावशीला धड झोप नव्हती. शेजारच्या घरातून थोरल्या जावेचा आवाज आला तरी छातीत धडधडायचं. मग भाचीने तासभर प्रश्न विचारून राग, सल, धास्ती अशा एकेका भावनेची फुलं निवडली होती. ताजी फुलं स्वच्छ पाण्यावर ठेवतात, त्यावर सकाळचं ऊन पडू देतात, आणि मग ते पाणी औषध होतं, असं तिने कौतुकाने समजावूनही दिलं होतं.

फूल, पाणी आणि सूर्य. जयाबाईच्या लेखी हे औषध नव्हतंच, तीर्थ होतं. ते तिने देवापुढे ठेवलं आणि रोज सकाळी पळीने घरभर वाटलं. नवऱ्याला दिलं, मुलाला दिलं, सुनेला दिलं, माग चालवायला येणाऱ्या भावकूलाही दिलं, शेजारीपाजारीही दिलं. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असं शिकलेली बाई तीर्थ एकटी कशी पिणार? ते टिकावं म्हणून त्यात चमचाभर ब्रँडी असते, हे मात्र प्रियदर्शनीने गिळून टाकलं. मावशीचे यजमान गळ्यात तुळशीची माळ घालणारे होते.

"असू दे. धुऊन दे बाटली, नवं करून देतो," ती म्हणाली.

जयाबाईने बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

"धुवायची न्हाई. तीन दिस झालं, तेवढं ठेवलंय. वाटताना एक घर गाळलंय मी."

कुठलं घर, हे विचारायची गरज नव्हती. अकरा महिन्यांपूर्वी जयाबाईच्या लेकीचं, सौम्याचं लग्न झालं. लेकीसाठी शालू जयाबाईने स्वतः मागावर बसून विणला होता. थोरल्या जावेने, रुक्माबाईने, तो वरपक्षाच्या बायकांपुढे उलगडला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हितं दोन धागे सुटल्यात. भरल्या मांडवात जयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून दोघींच्या मध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीपलीकडे शब्द गेला नव्हता.

"मी दिऊन येतो की," प्रियदर्शनी म्हणाली.

"तू कशाला? गाळलं मी."

पण ती उठेना. सोललेला लसूण पुन्हा पुन्हा चाळवत राहिली. तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायचंही तिला सुचत नव्हतं. रुक्माबाईने तोंड फिरवलं तर भिंत कायमची झाली, एवढंच तिला दिसत होतं. प्रियदर्शनीला तिची फार दया आली. शेवटी जयाबाईने पदर खांद्यावर घेतला आणि चपला न घालताच निघाली. भाची मागोमाग गेली.

रुक्माबाईच्या पडवीत माग खडखडत होता. दारात जाऊ दिसताच रुक्माबाईने बटण दाबलं. अर्ध्या विणीत माग बंद करणारी ती बाई नव्हती.

"तीर्थ आणलंय, आक्का," जयाबाई म्हणाली.

तीर्थाला कुणी नाही म्हणत नाही. रुक्माबाईने हात पुसले, डाव्या तळव्यावर उजवा तळवा धरला आणि पुढे केला. जयाबाईने बाटली तिरकी केली. थेंब पडले. रुक्माबाईने ते ओठांना लावले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"झोंबतंय की गं," ती म्हणाली. प्रियदर्शनी खाली बघत राहिली.

जयाबाई परत फिरली नाही. मागावरच्या साडीचा काठ तिने दोन बोटांत धरला आणि त्याच्याकडेच बघत बोलली.

"त्या शालूत खोट व्हती. इणतानाच दिसलतं मला. उसवाय पाहिजे व्हतं. लगीन चार दिसांवर आलतं, म्हणून तसंच पुढं रेटलं."



"म्हायती हाय मला," रुक्माबाई म्हणाली. "तुझ्या हातनं चुकलं तर तुला कळल्याबिगर ऱ्हात न्हाई. खरं मी ते चारचौघीत बोलाय नको व्हतं. मांडवातनं घरी आलो त्या दिसापासनं मलाबी झोप न्हाई, जया."

एवढं बोलून तिने तळवा पुन्हा पुढे केला.

जयाबाईने बाटली पालथी केली, बुडावर बोट मारलं, हलवून बघितलं. काहीच पडलं नाही. तिने भाचीकडे पाहिलं, पण भाचीकडे तरी तिथे काय असणार?

रुक्माबाईने तो कोरडा तळवा क्षणभर तसाच धरला. मग ओठांना लावला, आणि डोक्यावरून फिरवला.