वाटेचे नारळ

लढाईत किनाऱ्याकिनाऱ्यावर रणगाडे ओकत हिंडलेल्या त्या अमेरिकन जहाजाने आम्हाला होड्या-चटयांसकट या परक्या बेटावर उतरवलं. आमच्या बेटावर त्यांना कसल्याशा मोठ्या बॉम्बची चाचणी घ्यायची होती. आपल्याला आणून सोडणारी नाव आमच्यात रिकामी परत पाठवत नाहीत. म्हणून लाजोरमामाने घरून आणलेल्या नारळांची टोपली खलाशापुढे ठेवली. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला मी दोघांच्या मध्ये उभा होतो.

"वाटेत खा रे. आणि आम्हाला परत न्यायला हेच जहाज आण. पोरं रुळलीत आता याच्यात."

"हे नाही येणार," खलाशी म्हणाला. "हे म्हातारं झालंय. तुमच्याच बेटासमोर नांगरून ठेवणार आणि त्याच्यावर बॉम्ब टाकणार."

"अरे, मग आतली माणसं?"

"माणसं नसणार. बकऱ्या बांधणार आहेत. त्यांचं काय होतं ते डॉक्टर बघतील."

मामा खो खो हसला. "बकऱ्यांचं काय बघायचंय? आम्ही घरी कधी जायचं ते सांग."

खलाशाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बकऱ्या जगल्या तर."

मामाने टोपली ढकलत ढकलत जहाजाच्या उघड्या जबड्यात नेऊन ठेवली.

"मग खोबरं त्यांनाच घाल. आमच्या घरी चालल्यात, उपाशी नको जायला."