जांभळ्या शेंगांचा वाटाणा

शेवटच्या ट्रेमधलंही एक बी उगवलं नाही. ओल्या कागदावर वाटाणे नुसते बुरशी धरून पडले होते.

"गेलं," बियाणे बँकेची प्रमुख म्हणाली. "हेच एक पाकीट उरलं होतं."

जांभळ्या शेंगांचा हा वाटाणा आता कुणीच लावत नव्हतं. आणि मूळकुजीला दाद न देणारं वाण तेवढंच होतं. सपाटीवरचे मळेच्या मळे त्या रोगाने बसत चालले होते.

ती स्वतःच गाडी काढून डोंगरात गेली. गावोगाव एकच उत्तर मिळे, "होता बाई, आमच्या आजीच्या वेळी."

"वाटाणा शोधतेयस की हरवलेली बहीण?" नवऱ्याने फोनवर विचारलं. ती हसली, पण माघारी फिरली नाही.

रस्ता संपतो तिथल्या घरामागे तिला त्या शेंगा दिसल्या. वेलांना नीट काठ्यांचा आधार, ओळी सुतात. एक म्हातारा तण काढत होता. ती बांधावर बसली.

"पाणी देऊ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आजोबा, हे बी हवंय मला. मूठभर." तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"तुमच्याकडचं मेलं कसं?"

"थंड खोलीत नुसतं ठेवून भागत नाही. मधूनमधून पेरून ताजं बी धरावं लागतं. आमच्या आधीच्या लोकांनी ते केलंच नाही."

"हं," म्हातारा म्हणाला आणि आत गेला.

तो घट्ट झाकणाची बरणी घेऊन आला. "सावलीत वाळवलंय. दाताखाली धरून बघा."

बी टणक होतं. त्याने कागदाची पुडी बांधली. कडा अशा दुमडल्या की एक दाणा निसटू नये.

तिचे डोळे भरून आले. "आम्ही इमारती बांधत बसलो, आजोबा. खरी बँक तुमच्या परसात आहे. तुमच्या वाडवडिलांची पुण्याई ही."

"वाडवडील कसले? मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. इथे आल्यावर बायकोने खुरपं धरायला शिकवलं."

"मग हे बी कुणाचं?"

"तुमचंच. पेरायची परवानगी वरच्या साहेबांकडे मागून मागून थकलो, शेवटी खिशात घालून बाहेर आणलं. झडतीत त्यांनी एक खिसा तपासला, दुसरा राहिला." म्हाताऱ्याने पुडी तिच्या हातात ठेवली. "आज तुम्ही बसता ना बाई, त्या खुर्चीवरून मला उठवलं, ते याच चोरीपायी."